भट्टीवाल्याची भेसळ

कॉफीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं घोट घ्यायचा, थुंकायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, हे त्यांचं काम. सगळे त्यांना चाखेसाहेब म्हणत. त्यांनी मान डोलावली की पोती आत, नाक मुरडलं की पोती परत. आता ते नाक भट्टीवाल्यावर मुरडलं होतं. बिया भाजणारा हा माणूस दोन महिन्यांपासून त्यात काहीतरी मिसळतोय, अशी त्यांची खात्री झाली होती आणि तसं त्यांनी त्याला तोंडावर सुनावलंही होतं. सोमवारी तसा लेखी अहवाल द्यायचा होता आणि तो दिला की भट्टीवाल्याची नोकरी गेलीच म्हणून समजा.

त्यात भट्टीवाला पडला त्यांच्या बायकोचा मावसभाऊ. घरातली पूडही त्याच्याच हातची, आणि घरची कॉफीसुद्धा हल्ली पांचट लागायची. दोघं बहीणभाऊ मिळून आपल्याला बनवताहेत, असं साहेबांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. बायको फोनवर जरा हळू बोलली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून कान टवकारत. ती बिचारी बहुतेक वेळा शिंप्याशी बोलत असे.

शेवटी त्यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. शनिवारी लांबच्या दुकानातून कच्च्या बिया आणल्या, कपाटात कुलूपबंद केल्या आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपले. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाने हे करावं म्हणजे कमाल झाली, पण संशय एकदा शिरला की लाजही वाटेनाशी होते.

रविवारी सकाळी त्यांनी बायकोला स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि आपल्या आईच्या पद्धतीची तीन उकळ्यांची कॉफी मांडली. लोखंडी तव्यावर बिया मंद आचेवर हलवत तपकिरी केल्या, ताटात फुंकून साल उडवली, हातगिरणी गुडघ्यांत धरून दळल्या. लांब दांड्याच्या भांड्यात पाणी आणि मुद्दाम भरपूर पूड घातली. फेस वर आला की उतरवायचं, फेस बसला की पुन्हा चढवायचं, असं तीनदा. मग गाळ तळाला बसेपर्यंत भांड्याला हात लावायचा नाही. तेवढा वेळ ते भांड्यासमोर पहारेकऱ्यासारखे उभे होते.

पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. नुसतं पांचट पाणी.

"तू आत आली होतीस?"

"कधी? तुम्ही दार अडवून उभे होतात की," बायको दारातूनच म्हणाली.

"मग बिया बदलल्यास. रात्री."

ती आत आली, त्यांच्याच कपातला एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करत तो कसाबसा गिळला. साहेबांनी ते पाहिलं. सोंग आणतेय, असं त्यांना वाटलं.

"बसा," ती म्हणाली. "डोळे मिटा. कारखान्यात चाखता तसं चाखायचं आणि खरं सांगायचं."

हे आव्हान त्यांच्या धंद्यातलं होतं. ते ताठ बसले, डोळे मिटले. भांड्यांची खुडबुड झाली, गरम कप हातात आला. त्यांनी सवयीप्रमाणे फुर्रकन घोट ओढला, तोंडात फिरवला, वाटीत थुंकला.

"ही तुझ्या भावाची. लगेच कळतं. अगं, यात निम्मी कॉफीच नाही."

"डोळे उघडा."

कपात स्वच्छ गरम पाणी होतं. कपाच्या तळाचं फूल दिसत होतं.

साहेब त्या फुलाकडे बघत राहिले. बायको शेजारी बसली. तिला रागही आला होता आणि रडूही येत होतं.

"थंडीत ती सर्दी झाली ना तुम्हाला, तेव्हापासून. महिनाभर मी दुप्पट पूड घालतेय. परवा शेजारीण एक घोट घेऊन कडूजहर म्हणत कप ठेवून उठली. तुम्ही म्हणालात, पाणी आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? भावाची बाजू घेतेय म्हणाला असतात."

तसं ते म्हणालेच असते. त्यांना भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती. या जिभेवर घर उभं राहिलं होतं. अहवालात भेसळ लिहून टाकली तर कोणाला कळणारही नव्हतं. कारखान्यात त्यांच्या जिभेपुढे बोलणार कोण? हा विचार त्यांच्या मनात आला आणि चांगली पाच मिनिटं मुक्कामाला राहिला.

मग ते म्हणाले, "त्याला फोन लाव."

भट्टीवाल्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला. "साहेब, मी पोरींची शपथ घेऊन सांगतो, मी काही मिसळलेलं नाही. वाटलं तर उद्या माझ्यासमोर चाखा."

"तुझी कॉफी चांगली आहे," साहेब म्हणाले.

त्याने घाबरत विचारलं, "पुन्हा चाखलीत का साहेब?"

"नाही रे," साहेब म्हणाले. "मला आता चव कळत नाही."