आरशामागचे तीन स्क्रू

आमच्या दुर्बिणीच्या आरशाला मागून तीन स्क्रू होते आणि तिघांना नावं होती: आत्या, मामा आणि सासूबाई. नावं आईनं ठेवलेली. आत्या जरा बोट लागलं की गरगर फिरायची, मामा कितीही पिळला तरी ढिम्म हलायचा नाही, आणि सासूबाईंना फिरवल्यावर काय होईल हे कोणीच सांगू शकायचं नाही.

दुर्बीण बाबांनी स्वतः बांधली होती. खांद्याला लागेल एवढी लांब नळी, तिच्या तळाशी ताटलीएवढा आरसा. हा आरसा एका बाजूला किंचित जरी कलला तरी शनी शेंगदाण्यासारखा दिसतो, म्हणून दर वेळी आधी तो जुळवून घ्यायचा. बाबा नळीच्या वरच्या टोकाला डोळा लावून उभे, आई खालच्या टोकाशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकलेली, आणि गच्चीवरून गल्लीभर ऐकू जाईल असा संवाद.

"आत्याला आवळ. अगं, थोडंसं!"

"थोडंच आवळलंय."

"मग सासूबाईंना सोड."

"मी सोडीन हो, त्या सोडतायत का बघा."

आमच्या नातेवाइकांविषयी शेजाऱ्यांची काही ठाम मतं होती, ती अशी झालेली.

बाबा गेले आणि दुर्बीण गच्चीवरच्या खोलीत चादर पांघरून उभी राहिली. आई जिना चढेना. मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी, जमेल तेव्हा येणारी. एक दिवस फोनवर, भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात ती म्हणाली, "दुर्बीण कॉलेजला देऊन टाकते. शनिवारी संध्याकाळी तिथले सर टेम्पो घेऊन येतायत."

"पण का?"

"दोन माणसांचं काम आहे ते. इथे मी एकटी."

मला दुर्बीण जायला नको होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. आमच्याकडे अशा गोष्टी बोलायची रीत नाही, त्याऐवजी आम्ही काहीतरी दुरुस्त करतो. पण 'दोन माणसांचं काम' हे कारण मला बरं वाटलं, कारण त्यावर उपाय होता. पुष्कळ वाचणाऱ्या माणसाला कशावरही काही ना काही वाचायला सापडतंच. मलाही सापडलं. जुने स्क्रू काढायचे, मोठ्या डोक्याचे, नुसत्या बोटांनी फिरणारे स्क्रू घालायचे, खाली दमदार स्प्रिंगा बसवायच्या, की एकटं माणूस सहज आरसा जुळवू शकतं.

शनिवारी सकाळी घरी पोचले ती वाटेत नट-बोल्टच्या दुकानात थांबूनच. दुकानदारानं मोजमाप ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन कुठलं?"

"दुर्बीण आहे."

"काय सांगता! सैल झाली?"

"मनासारखी आवळत नाही."

"आमच्याकडे सगळी गिऱ्हाइकं पंपाची नाहीतर पलंगाची," तो स्प्रिंगांचा डबा माझ्यापुढे उपडा करत म्हणाला. "घ्या निवडून. चंद्राकडून तक्रार आली तर बदलून देईन."

स्प्रिंगा मी अंगठ्यानं दाबून पाहून घेतल्या. जुन्या स्प्रिंगा पेनातल्यासारख्या नाजूक होत्या. नळी इकडून तिकडे नेली की आरसा जागा सोडायचा तो त्यांच्यामुळेच.

जेवण झाल्यावर वर गेले. नळी आडवी केली, तळाची चकती आरशासकट बाहेर काढली. आरसा घडी केलेल्या ब्लँकेटवर ठेवला तेव्हा त्यात छताचा पंखा दिसला आणि माझी हनुवटी, बाबांच्यासारखी. मी त्यावर रुमाल टाकला आणि कामाला लागले. मामानं अपेक्षेप्रमाणे नखरे केले. त्याला तेल पाजावं लागलं. बाकी सगळं इतकं सुरळीत झालं की मला स्वतःचा संशय आला.

नळी उभी करून डोळा लावायच्या जागी बारीक भोकाचं झाकण घातलं. त्यातून पाहिलं की आरशाच्या मध्यावर चिकटवलेलं गोल कडं दिसतं, आणि एक काळा ठिपका. ठिपका कड्याच्या मधोमध आला की जुळलं. माझा ठिपका कड्याबाहेर होता. मी मागे जाऊन एक स्क्रू फिरवला, पुढे येऊन पाहिलं, मागे गेले, फिरवला, पुढे आले. स्क्रू लोण्यासारखे फिरत होते, पण ठिपका दर वेळी नको तिकडेच सरकत होता. मात्र मी हे एकटी करत होते, आणि तेच तर सिद्ध करायचं होतं.

"कोण धावतंय वर?"

आई दारात उभी होती. हातात इस्त्रीचा एक शर्ट, अर्धा घडी केलेला. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच वर आली होती.

"बघ," मी धापा टाकत म्हटलं, "स्क्रू बदललेत. आता ड्रायव्हर नको, दुसरं माणूसही नको. तुला एकटीला जमेल. सरांना नाही म्हणून सांगू या."

तिनं जवळ येऊन एक स्क्रू बोटानं फिरवून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं.

"असेच स्क्रू ह्यांनी आणले होते," ती म्हणाली. "तू शाळेत होतीस तेव्हा. मी परत करायला लावले."

"परत? का?"

"का म्हणजे? मग हे रोज एकटेच वर येऊन बसले असते, आणि मी खाली भांडी आवरत. मागे कोणीतरी लागतं म्हणून तर मला हाक मारायचे." तिनं शर्टाची घडी पुरी केली. "आणि तू एवढा खर्च करून माझ्यासाठी एकटेपणाची सोय करून दिलीस."

वाचलेल्यापैकी एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"ठिपका कड्यात येत नाहीये," मी एवढंच म्हटलं.

"कुठलं कडं?"

मला वाटलं, ती थट्टा करतेय. पण नाही. इतकी वर्षं ती नळीच्या मागच्या बाजूलाच उभी राहिली होती. जुळवून झाल्यावर तिला आयता शनी दिसायचा. त्याआधी बाबा वरून काय बघत असत, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मी तिला खांद्याला धरून पुढे आणलं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि झाकणाच्या भोकाला डोळा लावला.

"हे एवढंसं?" ती म्हणाली. "ह्या ठिपक्यासाठी हा माणूस माझ्यावर ओरडत होता?"

"हो."

"जा मागे. आत्याला आवळ."

मी आवळलं.

"उलटा गेला. आत्या म्हटलं ना मी!"

"आत्याच आहे ही."

"तो मामा आहे. चकती फिरवून बसवलीस तू, सगळ्यांच्या जागा बदलल्यास. एक घर धड ठेवता येत नाही."

खाली गाडीचा भोंगा वाजला आणि जिन्यावर पावलं. कॉलेजचे सर बाबांचे मित्र. आमच्याकडे त्यांना ढगसर म्हणत, कारण ते आले की हमखास आभाळ भरून यायचं. आज आभाळ स्वच्छ होतं, त्यामुळे ते जरा ओशाळल्यासारखे दिसत होते.

"वहिनी, टेम्पो आलाय. बांधायला घ्यायची का?"

"सर, तुम्ही मागे उभे राहा," आई डोळा न काढता म्हणाली. "हिचा हात जड आहे."

सर निमूट मागे गेले. "वा! हे काय छान फिरतंय!"

"बोलू नका, फिरवा. सासूबाईंना सोडा."

"कोणाला?"

"डावीकडच्या," मी म्हटलं.

"थोडं. अजून थोडं. अहो, थोडं म्हणजे थोडं!" आईचा आवाज गल्लीत पोचला असावा, कारण समोरच्या खिडकीत कोणीतरी आलं. "आता मामा, केसभर. थांबा."

सर थांबले. मीही. आई बराच वेळ तशीच वाकून राहिली. ठिपका हलत नव्हता हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

"आलाय मधोमध," ती म्हणाली. मग सरळ होऊन कंबर चोळत, "रोज असंच वाकून बघत होते तर."

खाली पुन्हा भोंगा वाजला. सरांनी खिशातली दोरी काढली, आईकडे पाहिलं, आणि दोरी परत खिशात गेली.

"मुलांना सांगून ठेवलं होतं मी," ते हळूच म्हणाले.

"मग त्यांना घेऊन या इथे. मागे उभं राहायला माणसं लागतातच." आईनं चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे वळली. "आणि तू, येशील त्या शनिवारी मला वर हाक मार. एकटीनं जमत असेल, पण मला जमवायचं नाहीये."

मी खाली जाऊन टेम्पोवाल्याला सांगितलं की माल इथेच राहतोय.

"का? बिघडलेला निघाला?"

"नाही," मी म्हटलं, "आत्ताच चालू झालाय."