वाटेतली वलांड

चंद्रकांताकाकीला पर्यटक नको होते असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं. उलट शिरगावचा किल्ला बघायला आलेली माणसं चार फोटो काढून तशीच मनोरच्या हायवेला लागतात, गावात साधा चहासुद्धा घेत नाहीत, याचाच तिला राग यायचा. मासळी घटली होती. पुतण्या केतनची बोईसरच्या कंपनीतली नोकरी सुटली होती. गावाला आता दुसरंही काहीतरी हवं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण केतन पर्यटनाचा आराखडा घेऊन आला आणि काकीचं डोकंच फिरलं. किनाऱ्यावरच्या खळ्यात, म्हणजे जिथे बायका बांबूच्या वलांडींवर बोंबील सुकवतात तिथेच, गाड्यांचा तळ होणार होता.

"वास येतो ना काकी," केतन म्हणाला. "पाहुणे नाकाला रुमाल लावतात."

"लावू दे की! सुक्या बोंबलाचं कालवण ओरपताना कुठं जातो तो रुमाल? पाहुणे आणा, खानावळी काढा, किल्ला दाखवा. खळं मी देणार नाय."

खळं साऱ्यांचं, म्हणून होकारही साऱ्यांचा लागत होता. बाकीच्या बायकांनी गाड्यांच्या तळावर टपरी मिळेल या आशेने हो म्हटलं होतं. सगळ्यात आधी हो म्हणाली ती शकू, काकीची लहानपणापासूनची मैत्रीण. "एका बाईच्या हट्टापायी गाव मागं राहील," असं ती भर बाजारात बोलली. ते काकीच्या जिव्हारी लागलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयातून रुचितामॅडम जागा बघायला आल्या, सोबत बसभर पाहुणे. केतनने एका दिवसापुरत्या वलांडी रिकाम्या ठेवायला सांगितलं होतं. पण आदल्या दिवशी बोंबील उदंड लागला. आलेली मासळी टांगावीच लागते, ती काय मॅडमसाठी थांबते? सगळं खळं भरून गेलं. केतनचा चेहरा पार उतरला.

आणि दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आभाळ काळं झालं.

बोंबील भिजला की सडलाच. काकी घरातून ताडपत्री घेऊन धावत सुटली. तिच्या वलांडी पार टोकाला, सुरूच्या झाडांपाशी. पण खळ्याची एक रीत आहे. पाऊस आला की आपल्या मासळीकडे पळायचं नाही. वाटेत जी पहिली भरली वलांड येईल ती उतरवायची, मग ती कुणाची का असेना.

वाटेत आली ती शकूची. शकू स्वतः पालघरला मासळी विकायला गेलेली.

काकी क्षणभर थांबली. टोकाला तिचे स्वतःचे बोंबील वाऱ्यावर हलत होते. "जळो मेलं तोंड तुझं, शकू!" असं म्हणत तिने शकूच्याच वलांडीला हात घातला. मूठमूठ बोंबील ओढत होती आणि मुठीगणिक शिव्या देत होती. मग तिची नजर पाहुण्यांवर गेली. "फोटो काय काढता? हात चालवा!"

बाकीच्या बायका इतर वलांडी उतरवत होत्याच; आता पाहुणेही खरंच धावले. मॅडमही धावल्या. रुमाल कुणाच्या आठवणीतही नव्हता.

पाऊस आला तेव्हा टोकाच्या तेवढ्या वलांडी राहिल्या होत्या. काकी ताडपत्रीपाशी उभी राहून आपली मेहनत भिजताना बघत होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

शकू रिक्षातून उतरली. आपला माल ताडपत्रीखाली कोरडा, काकीचा चिंब. कोणी काय केलं ते तिला सांगावं लागलं नाही.

"मावशी," मॅडम हात पुसत काकीला म्हणाल्या, "हे पाहुण्यांना दर रविवारी दाखवता येईल?"

"पाऊस काय माझ्या सांगण्यानं येतो? बोंबील मात्र आमी रोज टांगतो. या टांगायला, शिकवते. पण खळं असेल तर."

"म्हणजे तुमचा एकटीचा नकार अजून आहेच?"

"एकटीचा नाय," शकू पुढे झाली. "माझाबी."

"अगं शकूमावशी, तुझी टपरी?" केतन कळवळला.

"टपरी पायजेच. खळ्याच्या कडेला दे. गाड्या लाव किल्ल्यामागं."

ताडपत्रीची टोकं धरून उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मागून एकजण म्हणाली, "माझाबी." मग तिच्या शेजारची. मग सगळ्याच बोलू लागल्या. काकीने पदराने तोंड पुसलं आणि केतनला आराखडा पुन्हा काढायला बसवलं.