पाचवी टेकडी

"खाय गं पोरी, गरम हाय तवर," म्हणत साळूबाईंनी सायलीच्या ताटलीत आणखी एक पळी भाजी ओतली.

"आणि मला, माय?" ऋतुराजनं दारातूनच विचारलं.

"तुला काय कुणाला पाजायचंय? डाळ हाय, गिळ."

सायलीला हसू आलं. सोयगावहून पहिल्या एसटीनं निघालेल्या सासूबाई बजाजनगरातल्या या दोन खोल्यांत पोचल्या त्या थेट ओट्याशीच उभ्या राहिल्या. गुडघा सुजलेला होता, पण बस म्हटलं तर ऐकतील त्या कसल्या. भाजी पिठूळ होती, घास संपता संपता जराशी तुरट. सायलीच्या मांडीवर चार महिन्यांची लेक कोरडं कोरडं चोखत होती. गेल्या पंधरा दिवसांत तिचं वजन तसूभर हललं नव्हतं. वरचं दूध सुरू करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पावडरचा डबा आज कपाटात साड्यांच्या मागं होता, कारण लेकराला डब्यातलं दूध म्हटलं की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच यायचं.

"कशाची आहे हो आई? रताळी का?"

"रताळ्यासाठी मी इतक्या लांब येती व्हय? खरपुडी हाय. आमच्या येळी दूध आटलं की हेच खाऊ घालायचे. आता कुठं ऱ्हायली? समदीकडं मका. पर मला ठावं होतं, कुठं हाय ती."

सायलीचा घास तोंडातच राहिला.

साळूबाईंनी पदराची गाठ सोडली. छिद्र पाडलेले, आकडे कोरलेले पत्र्याचे छोटे बिल्ले त्यांनी तिच्यापुढं ठेवले. स्वच्छ धुतलेले. "हे घे तुझे. मोजून आनलेत, अकरा. तू खुना करून ठिवल्या म्हून घावल्या बघ. न्हाय तर ह्या डोळ्यांना काय दिसतंय?"

आकडे सायलीच्याच हातचे होते.

ती विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पावर मदतनीस होती. चार वर्षं तिनं याच खरपुडीच्या फुलाचा माग काढला होता. कंदिलासारखं हिरवट-जांभळं फूल, वेल वीतभर, मुळाशी कंद. पाच टेकड्यांवर ते उरलं होतं आणि मधे सगळी शेतं, रस्ते, खडीच्या खाणी. परागकण नेणाऱ्या चिलटाएवढ्या माशांना एवढं अंतर झेपत नव्हतं. चार टेकड्यांवरच्या वेली आपसातच वाढत वाढत इतक्या सारख्या झाल्या होत्या, की जणू एकाच वेलीच्या नकला. एखादा रोग आला तर एकदम सगळ्या जातील. पाचवी टेकडी मात्र साळूबाईंच्या शेतामागची, लहानशी. तिथं फक्त अकरा वेली होत्या, पण त्यांच्या पानांच्या तपासणीत जो वेगळेपणा सापडला तो बाकी चौघींकडं नव्हता. शेंगा पिकल्या की ते बी चारही टेकड्यांवर न्यायचं ठरलं होतं. आणखी पंधरा दिवस.

"सगळ्या काढल्या, आई?"

"येक बी सोडली न्हाय."

"आणि शेंगा?"

"कवळ्या व्हत्या. शेळीला टाकल्या. तूच म्हनली व्हतीस नं, पोटुशी असताना वर नेलंस तवा? लई मोलाच्या हायेत म्हून. मंग? मोलाची चीज लेकराच्या आईला न्हाय, तर कुणाला?"

सायलीनं घास गिळला. मग ताटलीत होतं तेही संपवलं, कारण साळूबाई बघत होत्या.

लेकीला ऋतुराजकडं देऊन ती मागच्या गॅलरीत गेली आणि मंजुषा मॅडमना फोन लावला. हा प्रकल्प मॅडमच्या दहा वर्षांचा होता.

"मॅडम, पाचवी टेकडी गेली."

"गुरं शिरली?"

"नाही. मी खाल्ली."

सायलीनं सगळं सांगितलं.

"आपल्याकडं त्यांची पानं आहेत," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"वाळलेली आहेत, मॅडम. त्यातून काय उगवणार?"

"माहीत आहे गं. बरं, दूध आलं का तुला?"

"नाही."

"सासूबाईंना बोललीस काही?"

"नाही."

"नकोच बोलूस. खुणा आपण लावल्या होत्या, सायली. त्यांनी नाही."

ती आत आली तेव्हा साळूबाई खिडकीशी बसून उजव्या हाताचा अंगठा दाबत होत्या. टेकडीवरचा मुरूम असा घट्ट, की खुरपं चालेना. हातानंच उकरलं होतं सगळं. नखं तुटली होती आणि अंगठ्यात काटा मोडून बसला होता.

"दाखवा इकडं."

"ऱ्हाऊ दे. निघंल आपोआप."

सायली सुई घेऊन त्यांच्यापुढं बसली आणि तो खरखरीत हात तिनं मांडीवर घेतला. आतल्या खोलीत लेक रडायला लागली. काही न विचारता ऋतुराजनं मोरीचा नळ मोठा सोडला आणि कपाटाचं दार उघडलं. थोड्या वेळानं रडणं थांबलं.

"निजली वाटतं," साळूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला. "पोट भरलं आसंल. आलं का गं?"

सुई कातडीखाली गेली. साळूबाईंनी हात हलूसुद्धा दिला नाही.

"आलं, आई."

"बघ. पुढल्या साली परत जाईन. तिथंच येतात नं?"

काट्याचं टोक दिसायला लागलं होतं. सायलीनं मान आणखी खाली घातली आणि सासूबाईंचा हात उजेडाकडं वळवला.

"हं," ती म्हणाली. "हलू नका आता."