मला दुप्पट केलं तेव्हा

मी एक जुनी अवकाशनौका आहे, मित्रांनो, पण खरं आकाश काही मी पाहिलेलं नाही. संगणकावरच्या एका खेळात माझा जन्म झाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडायची जागा अडवून, दोघी बहिणींनी मला घडवलं. ताई आखायची, धाकटी रंगवायची. आई ओरडायची, पण ऐकतंय कोण?

एकदा धाकटीनं हट्टच धरला, म्हणून ताईनं मला दुप्पट करून पाहिलं. लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली, वजन मात्र आठपट! इंजिनांचा जोर काही तेवढा वाढला नाही. उडते कसली, जागेवरच बसकण मारली मी. खेळात माझ्या बाहेर उभ्या राहून बघणाऱ्या दोघींची हसून मुरकुंडी वळली. ताईनं मला पुन्हा लहान केलं. धाकटी इंजिनं बसवायला शिकली की मोठी करू, असं ठरलं.

खेळ बंद करताना खेळातलं आपलं माणूस माझ्या आतल्या खोलीतल्या पलंगावर निजवायचं, ही ताईची शिस्त. आजारपणातही तिनं ती मोडली नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा तिनं खेळातल्या ताईला निजवलं, पांघरूण घातलं. मग ताई गेली.

त्यानंतर धाकटी रोज यायची, खोलीचं दार उघडून नुसती बघत बसायची. पांघरूण हळूहळू वरखाली व्हायचं. खेळातली ताई अजून श्वास घेत होती. तेवढाच त्या पोरीला आधार होता.

पुढे धाकटी जिद्दीनं इंजिनं शिकली. ताईच्या वाढदिवशी तिनं मला दुप्पट करायला घेतलं. पडद्यावर प्रश्न आला, आत कुणी असेल तर पुसलं जाईल, चालेल का? असले प्रश्न तो खेळ उठसूट विचारायचा. नेहमीप्रमाणे न वाचताच तिनं 'हो' दाबलं.

काय उडाले मी त्या दिवशी! धाकटी आनंदानं खोलीत धावली. पलंग मोठा झाला होता, पांघरूण सपाट पडलं होतं. तिनं माझा कोपरान् कोपरा धुंडाळला. जुनी मी कुठेच जपून ठेवलेली नव्हती.

रडणं ऐकून आई ओल्या हातांनीच आली. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "कुठे निजायची ती, मला दाखव."

धाकटीनं दाखवलं. दोघी कितीतरी वेळ त्या पलंगाकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, धाकटीवर माझा राग नाही, मायेनंच केलं तिनं. पण काहीही मोठं करायला घ्याल, तेव्हा आधी आत डोकावून बघा, कुणी निजलंय का. मी आता प्रचंड आहे, उडतेही झकास. पण मला उडवायला कुणी येत नाही.