समासातली ओल

मित्रांनो, मी एक जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. वजनाने भारी आणि स्वभावाने जरा खडूस. चर्चच्या या कचेरीत माझी सत्तर वर्षं गेली. बांधणाऱ्याने माझी पानं दोऱ्याने घट्ट शिवली, पाठीला कातडं लावलं आणि प्रत्येक पानावर चार बोटं रुंद समास सोडला. माझा सगळा मान त्या समासात आहे. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं की त्याचं नाव माझ्यात येतं. पुढे त्याचं लग्न झालं की तेही त्याच नावाशेजारी समासात लिहितात, म्हणजे एका माणसाचं लग्न उगाच दोनदा लागायला नको.

मला सांभाळायचे ते कारकून. जाड भिंगांमुळे सगळे त्यांना चष्मेकाका म्हणत. हात धुतल्याशिवाय ते मला शिवत नसत. असा माणूस आता मिळायचा नाही.

माझ्या एकेचाळिसाव्या पानावर एका खलाशाचं नाव आहे. आठ दिवसांचा होता तेव्हा तो माझ्याकडे आला. मोठा झाल्यावर त्याचं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंशी लग्न लागलं. त्याच दुपारी बोटीवरून बोलावणं आलं आणि तो चर्चच्या पायरीवरून तसाच निघून गेला. पुढे ना बोट परतली, ना तो.

बाईंनी बारा वर्षं वाट पाहिली. मग गल्लीतल्या घड्याळजींनी त्यांना मागणी घातली. घड्याळजींची नजर झपाट्याने अधू होत होती. हिचा चेहरा नीट दिसतोय तोवर लग्न व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण चर्चचा कायदा म्हणतो, नुसती वर्षं गेली म्हणून माणूस मेला असं धरता येत नाही. एकच वाट उरली होती. लग्न लागलं पण संसार झालाच नाही, अशी गाठ सोडता येते. मात्र ती सोडण्याचा अधिकार एकट्या पोपसाहेबांचा. फादरांनी साक्षी घेतल्या आणि कागद बिशपांमार्फत वर पाठवले.

अशात पोपसाहेब वारले. आमच्या घंटाही वाजल्या. गादी रिकामी असताना नवं काही करायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे आता आणखी थांबणं आलं. आणि तेवढ्यात परवानगीचा कागद येऊन थडकला! सही मरणाआधीच झाली असणार, असं धरून फादर हरखून गेले. त्यांनी पुढच्याच रविवारी लग्नाची घोषणा वाचली: कोणाला हरकत असेल तर सांगावी. चर्चमध्ये कोणी काही बोललं नाही.

इकडे कचेरीत माझं एकेचाळिसावं पान ओलं झालं.

छप्पर गळत नव्हतं. चाळिसावं पान कोरडं, बेचाळिसावं कोरडं. चष्मेकाकांनी टीपकागद दाबला आणि सहज बोट नाकाशी नेलं. समुद्राचा वास आला. दुसऱ्या रविवारी घोषणा झाली तेव्हा पुन्हा तेच, खलाशाच्या नावाशेजारी. मला स्वतःची भीती वाटू लागली, मित्रांनो. आपल्याच अंगात कोणीतरी रडतंय आणि आपल्याला ते थांबवता येत नाही, असं कधी झालंय तुम्हाला?

लग्नाच्या आधी गाठ सुटल्याची नोंद समासात करायची होती. भर दुपारी चष्मेकाका टाक घेऊन बसले. शाई पानावर टिकेना, पसरून नाहीशी होई. तिसऱ्यांदा कागदावरचा मजकूर नकलायला ते वाकले आणि तसेच थिजले. 'आज पोपसाहेबांनी कृपा केली', असं कागदावर होतं आणि खाली तारीख. पोपसाहेब वारल्याला त्या तारखेला दोन दिवस झाले होते.

गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. पण त्यांनी फादरांना सांगितलं आणि फादरांनी बाईंना बोलावलं. बाईंनी कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं.

"फादर," त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या सहीने मला सुटायचं नाही."

कागद परत गेला. वरून उत्तर आलं: सही पोपसाहेबांचीच आहे, पण त्या दिवशी त्यांचा देह लोकांच्या दर्शनासाठी ठेवला होता. हे कसं झालं, ते कोणालाच सांगता येत नाही.

नवे पोप निवडले गेले. आणखी आठ महिन्यांनी नवा कागद आला, बरोबर तारखेचा. त्या दिवशी पान कोरडं ठणठणीत होतं. शाई पहिल्याच फटक्यात बसली. लग्नात घड्याळजींना बाईंचा चेहरा अंधुकच दिसला. त्यांनी तो बोटांनी चाचपून पाहिला.

लोक म्हणाले, पहिला नवरा आडवा आला. मला नाही पटत. आठ दिवसांचा होता तेव्हापासून मी त्याला सांभाळलंय. एका मेलेल्याला, पोपसाहेबांना, आपलं अर्धवट काम सोडवेना. पण मेल्यावर अधिकार संपतो, हे दुसऱ्या मेलेल्याशिवाय कोणाला नीट कळणार? तिला खोटी सुटका मिळू नये म्हणूनच माझा खलाशी आला होता.

आता चष्मेकाकाही नाहीत. मी ओल आलेल्या कपाटात पडून आहे आणि माझ्या पाठीला बुरशी धरली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारख्या जुन्या वह्या असतील, तर त्यांना अधूनमधून ऊन दाखवा आणि हात धुऊन उघडा. माझ्या एकेचाळिसाव्या पानावर मिठाचं एक पांढरं वळं दिसेल. ते तेवढं पुसू नका. त्या खलाशाचं शरीर पुरायला मिळालं नाही. त्याची जागा तेवढीच आहे.