शिवेपलीकडे गेलेला गाडा

मित्रांनो, मी एक जुना गाडा आहे, पण मला कधी बैल जुंपले नाहीत. मी मरीआईचा गाडा, बाभळीचा, लहान मुलालाही ढकलता येईल एवढा. येरळेकाठच्या आमच्या गावातल्या अर्जुना सुतारानं मला घडवलं आणि मजुरी घेतली नाही. देवीच्या कामाची कसली मजुरी, म्हणाला.

पटकीची साथ आली, माणसं जुलाब-उलट्यांनी पटापट जाऊ लागली, की मला बाहेर काढायचे. हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, घरोघरचा दहीभात माझ्यात ठेवायचे आणि हलगी वाजवत मला शिवेपलीकडे लोटून द्यायचे. इडापिडा पुढच्या गावाला. मागं वळून कुणी बघायचं नाही. साथ ओसरली की मला रिकामा माघारी आणायचे. मला फार मान होता आणि मीही तोऱ्यात चालायचो. पुढच्या गावातही माणसंच राहतात, हे माझ्या लाकडी डोक्यात कधी आलंच नाही.

बेचाळीसची चळवळ होऊन गेल्यावर एका उन्हाळ्यात साथ आली. आमच्याच गावातल्या शालूबाईचा दीर आजारी होता. ती त्याचं सगळं करत होती. त्याच हातांनी तिनं दहीभात कालवला आणि घरच्या पितळी वाटीतून माझ्यात ठेवला. तिची लेक मनू शिवेपलीकडच्याच गावी दिलेली. खरं तर माझ्यातल्या नैवेद्याला कुणी शिवत नसे. पण वर्षभर मनूला माहेर दिसलं नव्हतं. हलगी ऐकून ती धावत आली, आईची वाटी तिनं ओळखली आणि ओढ्याकाठी बसून सगळा भात खाल्ला. मी बघत होतो. दोन दिवसांत ती गेली. मागं तान्ही पोर राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा साथ आली. सांगलीहून अनंत नावाचा कंपाउंडर विहिरीत टाकायचं लाल औषध घेऊन आला. घाण पाण्यातून, आजाऱ्याच्या घरच्या अन्नातून पटकी पसरते, असं तो सांगत होता. "इहिरीत इख कालवतोय," म्हणून लोकांनी त्याला हाकललं. लालासाहेब पाटलांनी मला बाहेर काढायला सांगितलं. तेव्हा शालूबाई अनंतच्या औषधाची पुडी घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. आजाऱ्याच्या घरच्या अन्नाचं अनंतचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"आवं पाटील, गाडा जाऊ द्या. पर औंदा त्यात भात नगं, ह्ये औशीद ठिवा. लाल हाय, आईचं कुकू समजा. आदी आपल्या इहिरीत, मग शिवंपल्याड."

"आन देवी कोपली म्हंजी?"

"माज्यावर कोपू द्या. माजं काय राह्यलंय आता."

पाटलांनी अनंतला माघारी बोलावणं धाडलं. हलगी तीच, वाट तीच, गाडाही तोच. आमच्या विहिरी लाल करून आम्ही निघालो. पण शिवेवर पलीकडची माणसं काठ्या घेऊन उभी होती. पुढं मनूचा नवरा आकाराम, कडेवर पोर.

"मामी, गाडा माघारी फिरवा. गेल्या साली त्यातनं काय आलं, आमाला ठावं हाय."

शालूबाईनं त्यांच्याच विहिरीचं तांब्याभर पाणी मागून घेतलं. अनंतनं त्यात औषधाचा कण टाकला. पाणी गुलाबी झालं, आणि ती सगळ्यांसमोर ते प्याली.

"त्यो भात मीच कालवला हुता रं," ती म्हणाली. "मला मारायचं तर मार. पर पोरीला ह्येच पाणी पाज."

 आकारामनं काठी टाकली, पोर तिच्या हातात दिली आणि माझी दोरी धरून मला विहिरीकडं ओढत नेलं. याच हातांनी त्यानं मनूची तिरडी उचलली होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्या साली पलीकडच्या गावात फारसं रडणं ऐकू आलं नाही. आता मी आमच्या मरीआईच्या देवळामागं पडून आहे. येणारीजाणारी माझ्या चाकाला हळदीकुंकू वाहतात. मला ते घेववत नाही.

मित्रांनो, आपल्या दारची पीडा शेजाऱ्याच्या दारात लोटू नका. शिवेपलीकडे कुणाची तरी मनू असते, आणि आपण लोटलेलं ती माहेरचं म्हणून दोन्ही हातांनी घेते.