बाहेरच्याचं काम

काळ्या दोऱ्याला सात गाठी होत्या. त्रिंबकनं त्या तिसऱ्यांदा मोजल्या. सकाळचं ऊन दौतीपर्यंत आलं होतं, खटल्याचे कागद पुढ्यात उघडे पडले होते, आणि बीडच्या अदालतीत बारा वर्षं वकिली केलेला माणूस गाठी मोजत बसला आहे हे कळत असूनही बोट आपलं पुढच्या गाठीवर सरकतच होतं... दोरा काल चतुराबाईनं आणून दिला होता. शिरूर कासारपलीकडच्या वस्तीवरून दोन दिवस चालत आली होती ती. दारातच उभी राहून म्हणाली, “म्हाळूच्या मनगटाला बांधा, वकीलसाब. जुना तुरुंगात कापून टाकला म्हनं. उघडा हाय त्यो.”

उघडा! थोरला मुलगा कुऱ्हाडीनं मारला गेलेला, त्याला मारल्याच्या आरोपाखाली धाकटा तुरुंगात, आणि ही बाई काळजी करते ती त्याचं मनगट उघडं असल्याची. त्रिंबकला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

कागदावर सगळं उर्दूत होतं, हैदराबादच्या राज्यात अदालतीचा कारभारच उर्दूत. सिदू आपल्या ज्वारीच्या शेतात मरून पडलेला सापडला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन धाकटा भाऊ म्हाळू बसलेला होता, म्हणून अंगावर रक्त. पाहणारं कुणी नाही. कुऱ्हाड आजवर मिळालेली नाही. आणि शेवटी म्हाळूचा इजहार, एका ओळीची जबानी. न्यायासनावरून नाझीमसाहेबांनी विचारलं होतं, भावाला कुणी मारलं? म्हाळू पिंजऱ्यात उभा राहून शांतपणे म्हणाला होता, “बाहेरच्याचं काम हाय.”

जबानी टिपून घेणारा पेशकार हैदराबादचा. मराठी त्याला भाजी घेण्यापुरती येत होती. त्यानं बोरू चालवला आणि लिहिलं — किसी बाहरवाले का काम है.

मराठी कळणाऱ्या प्रत्येकाला तेव्हाच समजलं होतं की हा पोरगा भुताखेताचं, अंगात शिरणाऱ्याचं बोलतो आहे. पण कागदाला मराठी येत नव्हती. कागदाच्या हिशेबी ज्वारीतून कुणी अनोळखी माणूस आला, त्यानं सिदूला मारलं आणि तो निघून गेला. त्या वेळी उठून बोलायला हवं होतं, त्रिंबक स्वतःशी म्हणाला. मी उठलो नाही. आधी वाटलं, पेशकार स्वतःच दुरुस्त करील. मग एकदम लख्ख दिसलं की ही चूक म्हणजे घबाड आहे — साक्षीदार नाही, हत्यार नाही, नगरच्या रस्त्यानं रोज शेकड्यानं परकी माणसं जातात... त्या रात्री मी पोटभर जेवलो. खटला खिशात होता.

परवा तुरुंगात गेलो नसतो तर अजूनही खिशातच असता.

म्हाळू भिंतीला पाठ टेकून बसला होता. गावची पेरणी-काढणी सांगावी तशा आवाजात त्यानं सांगितलं. “दादा न्हवता त्यो, साहेब. तोंड दादाचं, आवाज दादाचा, पर आत बाहेरचा बसलेला. आठ दिस मी बघत हुतो. दादा डाव्या हातानं तंबाखू मळायचा, ह्यो उजव्या हातानं मळत हुता. त्याला म्हनलं, दादाला सोड. तर हसला.” मग जरा थांबून, “घाव घातला तवा दादा परत आला. लई थोडा येळ. मांडीवर हुता माझ्या.”

त्रिंबकनं हातातले कागद मिटले.

“आता त्यो आईत हाय,” म्हाळू म्हणाला. “मागच्या खेपेला गजापाशी आलता. भाकर खा, म्हनला. आई मला भाकर खा असं कदी म्हनत न्हाई, नुसती पुढ्यात ठिवते. मला घरी धाडू नका, साहेब.”

“अहो, जेवण गार होतंय,” आतून वत्सलाबाईंचा आवाज आला आणि त्रिंबक दचकला. रोजचाच आवाज. एकोणीस वर्षं हेच वाक्य, हाच हेल. पण तो पाटावर बसला आणि बायको वाढत असताना तिच्या हाताकडे बघत राहिला. मीठ आधी वाढते की चटणी? आठवेना. एकोणीस वर्षांत आपण हे एकदाही पाहिलेलं नाही, आणि उद्या कुणी दुसरीच तिच्या रूपानं वाढायला लागली तर आपल्याला पत्ताही लागायचा नाही... “बघताय काय असं?” ती म्हणाली. तो खाली मान घालून जेवला. त्याला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

अदालतीकडे चालताना तो पुन्हा पुन्हा तेच मांडत होता. शब्द तसाच राहू दिला तर संशयाचा फायदा मिळेल, म्हाळू सुटेल आणि घरी जाईल. घरात एकटी आई. शब्द दुरुस्त केला तर मला सांगावं लागेल की घाव यानंच घातला, पण घालताना हा शुद्धीत नव्हता. नाझीमसाहेबांना पटलं तर फास चुकेल, पण जन्मभर हैदराबादचा पागलखाना. चतुराबाईला तो पुन्हा दिसायचा नाही. आणि नाही पटलं तर... तर माझ्याच अशिलाचा गुन्हा मीच कबूल करून त्याला फासावर चढवला असं होईल. अशी वकिली कुणी पाहिली आहे का?

चतुराबाई अदालतीच्या आवारात लिंबाखाली बसली होती. त्याला पाहून उठली. दोरा बांधू दिला नाही तुरुंगाच्या दारोगानं, असं त्यानं खोटंच सांगून तो तिच्या हातात परत ठेवला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला, काही तक्रार केली नाही.

“आज सुटंल का वो?” तिनं विचारलं. “त्याच्या वाकळंला ऊन दावून आले. माज्या शेजारीच हातरून घालीन. लहानपनापून भेतो त्यो अंधाराला.”

माझ्या शेजारीच. त्रिंबकनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. सुरकुतलेलं, उन्हानं रापलेलं, थकलेलं साधं तोंड. त्यात दुसरं कुणी नाही हे सांगायला त्याला कुणाच्या साक्षीची गरज नव्हती. तरी तो पाहतच राहिला, जरा जास्तच वेळ, आणि ती ओशाळून हसली तेव्हा तो एक पाऊल मागे सरकला. म्हाळूला हेच हसू दिसतं. रोज दिसेल. शेजारच्या अंथरुणावर.

दुपारी पुकारा झाला. म्हाळूला आणलं. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली, पोळल्यासारखी.

“वकील साहब,” नाझीमसाहेब म्हणाले, “फ़रमाइए. यह बाहरवाला कौन था?”

नगरचा रस्ता, परकी माणसं, न सापडलेली कुऱ्हाड... सगळं जिभेवर तयार होतं. कालपासून घोकलेलं. त्रिंबक उठला, आणि त्याला स्वतःच्या तोंडून ऐकू आलं ते निराळंच. “हुज़ूर, एक लफ़्ज़ ग़लत लिखा गया है।” पेशकारानं चमकून वर पाहिलं. त्रिंबक बोलत गेला. मराठीत बाहेरचा म्हणजे काय, घाव कुणी घातला, तंबाखू कुठल्या हातानं मळली जात होती... उर्दू इतक्या सफाईनं त्याच्या तोंडून आजवर कधी आली नव्हती. एकही शब्द अडला नाही, आणि त्याचंच त्याला भय वाटत होतं.

नाझीमसाहेब पुढे वाकून ऐकत होते. पटत होतं की नुसतं नवल वाटत होतं, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दाराशी चतुराबाई उभी होती. तिला यातलं अक्षरही समजत नव्हतं. साहेब ऐकतायत आणि आपला वकील न थांबता बोलतोय, एवढंच तिला दिसत होतं. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, त्रिंबककडे बघून, देवाकडे बघावं तसं. तिला कळत नाही याचा त्याला आधी आनंद झाला. चोरटा आनंद. मग त्या आनंदाची इतकी किळस आली की क्षणभर बाक घट्ट धरावं लागलं. आता बाहेर जाऊन हेच सगळं तिला मराठीत सांगायचं होतं, आणि मराठीत आपण कुठल्या आवाजात बोलतो ते त्याला काही केल्या आठवेना.